दळण होईपर्यंत

कांजूरला सारंगांच्या गिरणीत
अर्ध्या भागात चक्की, अर्ध्यात व्हिडिओ गेम.
मधे गोणपाटाचा पडदा.
रुपयाला पंधरा मिनिटं.

मी डबा काट्यावर ठेवायचे.
"जाडं की बारीक?"
"बारीक," मी म्हणायचे, "अगदी बारीक."
आई मग आठवडाभर कुरकुरायची,
मैदा करून आणतेस, चपात्या वातड होतात.
तिला काय सांगणार,
बारीक दळायला वेळ लागतो.

पडद्यापलीकडे तो उभाच असायचा
पुलाच्या अलीकडच्या टोकाला,
निळं शिरस्त्राण, हातात तलवार,
उंची माझ्या करंगळीएवढी.
कॅसेटवरचं नाव जपानीत.
आम्ही त्याला धोंडू म्हणायचो,
कारण खंदकात पडला की सरळ तळाला.

वटवाघळं तिसऱ्या कमानीखालून यायची.
हाडांच्या शिपायाला दोनदा मारावं लागे,
एकदा मेला की तो उठायचा.
आणि लाव्हाच्या कुंडावरची उडी
दगडाच्या अगदी काठावरून,
अर्धा पाय हवेत गेल्यावर.
रूपेश वायंगणकर म्हणायचा, पोरींना नाही जमत.
मला ती चक्कीने शिकवली.
पट्ट्याचा जोड चाकावरून जाताना आपटायचा,
टप्.
तिसऱ्या टपला अंगठा दाबायचा.

तेवढ्यात हाक, "काटकर, झालं गं दळण!"
तीन जीव शिल्लक ठेवून उठायचं.
त्या खेळाला आठवण नव्हती.
उद्या पुन्हा पूल, पुन्हा वटवाघळं, कुंड,
पुन्हा तेच दळण.

एकदाच पोचले.
दिवाळीचा आदला आठवडा, भाजणीचे डबे दारापर्यंत,
माझा नंबर अकरावा.
सहा किल्ले झाले. राक्षसाला बेचाळीस घाव,
मी मोजले.
मागे पोरं गोळा झालेली, त्यांच्या भुवया पिठाने पांढऱ्या,
रूपेश गप्प.
दार उघडलं.
आत पूल होता.
पहिलाच. तीच कमान, तोच धोंडू,
आता कुठे निघायच्या तयारीत.

"हरली," कुणीतरी म्हणालं.

डबा कमरेवर घेऊन घरी आले, भाजणीचे चटके बसत होते.
वाटलं, माझ्याकडूनच काही राहिलं असणार,
एखादी किल्ली, भिंतीतली एखादी वीट.
हे वाटणं फार वर्षं पुरलं.
निकालाच्या दिवशी, मुलाखतीनंतर जिन्यात,
एका लग्नातून बाहेर पडताना कोर्टाच्या बाकावर.

आता लॅमिंग्टन रोडवर जिन्याखाली माझं टेबल आहे,
एक भिंग, एक सोल्डरिंग गन.
मंगळवारी सारंगांचा नातू खोकं घेऊन आला.
गिरणी गेली, तिथे टॉवर होतोय,
माळ्यावर हे सापडलं, बघा चालतंय का.

कॅसेट उघडली.
फटीफटीत पीठ,
तीस वर्षांचं, पिवळं, घट्ट बसलेलं.
ब्रशने झाडलं तेव्हा खाली चिप दिसली,
नक्कल करणाऱ्याने बसवलेली, स्वस्तातली,
निम्म्या मापाची.
सातवा किल्ला तिच्यात मावला नव्हता.
म्हणून त्या भल्या माणसाने शेवटचं दार
पुलाला नेऊन जोडलं
आणि पुढच्या कॅसेटला हात घातला असेल.
राजकन्या, सिंहासन, जे काय असेल ते
या डब्यात कधी भरलंच नव्हतं.
काटा मारलेला होता.

मी हसले असेन, कारण पोरगा म्हणाला, काय झालं?

टाके पक्के केले. वायर जोडली.
धोंडू उभा. निळं शिरस्त्राण, एक पिक्सेल उडालेला.
पूल झाला, वटवाघळं झाली,
कुंडाशी येऊन मी थांबले.
बाहेर नुसते हॉर्न, त्यांना काही ताल नाही.
डाव्या पायाने टेबलाच्या पत्र्यावर
टप्.
टप्.

"वेळ लागेल का?" पोरगा मोबाइलमध्ये बघत विचारतो.
लागेल, मी म्हणते,
जरा बारीक काम आहे.